चारही चाकांचं बटण

"गाडी निवडणं म्हणजे मासळी बाजारात जाऊन कल्ले उघडून बघणं नव्हे, नझीहा! त्याला पारखी नजर लागते. आणि ती मला आहे!"

शेदली हे बोलला तेव्हा त्याच्या एका हातात पुदिन्याच्या चहाचा पेला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट छताकडे होतं. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे ते बोट बोलता बोलता आपोआप वर जायचं. घरात नकाशा नव्हता, छडी नव्हती, वर्ग नव्हता, समोर एकटी बायको होती. पण बोटाला हे कोण सांगणार!

या गृहस्थाने चौतीस वर्षं पोरांना सहारा शिकवला. वाळूच्या टेकड्या कशा सरकतात, वारा कुठून येतो, उंट किती दिवस बिनपाण्याचा राहतो, सगळं तोंडपाठ! आणि स्वतः मात्र गाबेसच्या पुढे कधी गेला नव्हता. गाबेसलाही गेला तो नझीहाच्या मावसभावाच्या लग्नाला, आणि तिथे त्याचं पोट बिघडलं. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला झटका आला. एक जुनी, झोपायची-शिजवायची सोय असलेली, वाळवंटात चालणारी गाडी घ्यायची आणि दोघांनीच दक्षिणेला जायचं. मुलं नाहीत, सुना नाहीत, कोणी नाही!

नझीहाला कल्पना आवडली होती. तिने एकतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून पाकिटांवर शिक्के मारले. पाकिटं जगभर गेली, ती खिडकीतच राहिली. लग्नानंतरची सहल पुढे ढकलता ढकलता तीन मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, आणि त्यांच्या सहलीही होऊन गेल्या! आता जूनमध्ये तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "काय हिंडायचं ते त्याच्या आत हिंडून घ्या. पुढचं पुढे." त्यामुळे सहल व्हायची तर याच वसंतात. आणि सहल व्हायची तर गाडी हवी. आणि गाडी निवडणार होता शेदली!

पहिली गाडी एका गवंड्याची होती. जुनी, चौकोनी, कुरूप, दार तारेने बांधलेलं. नझीहाने इंजिन सुरू करायला लावलं, कान लावून ऐकलं, गुडघे सांभाळत वाकून खाली तेल गळतंय का बघितलं, आणि म्हणाली, "ही घेऊ."

"हिला सिमेंटचा वास येतो! आपण सहलीला चाललोय, भिंत बांधायला नव्हे!"

दुसरी गाडी कोणी इटालियन जोडपं सोडून गेलं होतं. आत पडदे, फुलांच्या उशा, शेगडी. शेदली खुशीत आत चढला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत तळातून खाली गेला. विकणारा शांतपणे म्हणाला, "हवा खेळती राहते."

तिसरी गाडी रिधाची.

रिधा हा माणूस एकही शब्द खोटा बोलत नसे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला गरजच पडत नसे! गिऱ्हाईक स्वतःच काय ते बोलतं, आपण फक्त मान हलवायची, एवढंच त्याचं कसब. त्याच्या आवारात ती उभी होती: उंच, रुंद, वाळूच्या रंगाची, मागे शिडी, आत पलंग, बेसिन, घडीचं टेबल आणि पांढरी स्वच्छ चादर. शेदली बघतच राहिला. मुलगी पसंत पडल्यावर नवरा मुलगा जसा उगाच घड्याळाकडे बघतो, तसा तो टायरकडे बघू लागला.

टपावर एक मोठं भोंग्यासारखं तोंड होतं, वर ताडपत्रीची टोपी. रिधा काही बोलणार, इतक्यात शेदलीचं बोट वर गेलं.

"हां! कळलं! हे इंजिनाला श्वास घ्यायला! वाळवंटात खाली धूळ असते, म्हणून हवा वरून ओढायची!"

रिधाने टपाकडे बघितलं, शेदलीकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला. "सी शेदली, काय बोलू! एवढं जाणणारा माणूस या आवारात पहिल्यांदा आला."

"आणि हे लाल बटण? चारही चाकांचं ना?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे..."

"चारही चाकांचंच! नझीहा, इकडे ये. एरवी दोनच चाकं जोर लावतात. हे दाबलं की चारही!"

"फार ताकद आहे त्यात," रिधा गंभीरपणे म्हणाला. हेही खरंच होतं. "गरज पडल्याशिवाय दाबू नका."

"आत्ताच दाबून बघू," नझीहा म्हणाली.

"इथे? आवारात? फरशी उखडेल!" शेदली ओरडला.

नझीहाने गाडीच्या अंगावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. "रंग निघतोय."

"वाळवंटी रंग असाच असतो. चकाकत नाही."

"अजिबात चकाकत नाही," रिधाने दुजोरा दिला.

"का विकताय?" नझीहाने विचारलं. टपाल कचेरीत संशयास्पद पार्सलांत काय आहे ते ती ज्या सुरात विचारायची, त्याच सुरात.

"मेहुण्याची आहे, लल्ला नझीहा," रिधा अदबीने म्हणाला. "त्यांना लोकांना भेटायला लागायची. आता त्यांचं काम झालं."

"बघ! फिरस्ता माणूस! गावोगाव हिंडलाय!" शेदली म्हणाला.

"त्या भागातलं एक गाव सोडलं नाही त्यांनी," रिधा म्हणाला. खरंच होतं!

शेवटी नझीहाने एकच अट घातली. तीन दिवस चालवून बघायची, आवडली तर घ्यायची. तोवर त्यांची जुनी छोटी गाडी रिधाकडे तारण. शेदलीला ही अट म्हणजे स्वतःच्या नजरेचा अपमान वाटला, पण नझीहा "ठीक आहे ना, सी शेदली?" असं म्हणाली, आणि ती त्याला मानाने 'सी शेदली' म्हणू लागली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे त्याला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

गुरुवारी पहाटे निघाले. गाबेसला थांबून अंडं भरून तळलेले गरम गरम ब्रिक खाल्ले. अंड्याचा बलक शेदलीच्या नव्या, चौदा खिशांच्या प्रवासी जाकिटावर सांडला. बाहेर येऊन बघतात तर कबुतरांनी गाडीच्या डाव्या अंगावर आपलं मत नोंदवलेलं. नझीहाने ओलं फडकं घेऊन खसाखसा पुसलं आणि थांबली.

"शेदली, गाडीला मिशी आहे."

"गंज असेल."

"गंजाला पीळ दिलेला नसतो."

शेदलीने बघितलं. पिवळ्या रंगाखालून खरोखरच एका काळ्याभोर मिशीचं टोक वर वळलं होतं. "नक्षी असेल. दक्षिणेकडची," तो म्हणाला आणि घाईघाईने गाडीत बसला.

मेदनिन मागे पडलं तसा वारा सुटला. साधासुधा वारा नव्हे, कानशिलात मारणारा! वाळूचे लोट गाडीच्या अंगावर रंधा मारल्यासारखे घासत होते. आणि एक गंमत व्हायला लागली. रस्त्याकडेची माणसं थांबून गाडीकडे टक लावून बघायची. एकाने मूठ उगारली. एक म्हातारा थुंकला. टेम्पोतून चाललेल्या एका बाईने कांदा फेकून मारला.

"दक्षिणेची माणसं किती मनमोकळी!" शेदली म्हणाला आणि खिडकीबाहेर हात काढून सगळ्यांना हलवू लागला. जितका तो हात हलवी, तितक्या मुठी वाढत.

"मोबाइलवर रस्ता बघू का?" नझीहाने विचारलं.

"मी असताना? अगं, हा सगळा प्रदेश मी फळ्यावर काढलाय! हजार वेळा!"

फळ्यावर काढलेल्या प्रदेशात तो डांबरी रस्ता सोडून उजवीकडे वळला. पंधरा मिनिटांनी रस्ता संपला, वीस मिनिटांनी पायवाट संपली, आणि एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी मागच्या चाकांवर म्हशीसारखी बसली. समोर टेकाडावर पंचवीस-तीस घरांचं गाव दिसत होतं.

"आता काय?"

शेदलीच्या चेहऱ्यावर विलक्षण तेज आलं. याच क्षणासाठी तो जगला होता! त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "आता," तो म्हणाला, "चारही चाकं!" आणि लाल बटण दाबलं.

चाकं जागची हलली नाहीत. पण टपावरून असा काही आवाज फुटला की नझीहाची चप्पल पायातून निघाली! आधी बँड वाजला, मग ताडपत्रीची टोपी उडून गेली, आणि मग एक जाड, तुपात तळलेला आवाज दऱ्याखोऱ्यांत घुमू लागला:

"दक्षिणेच्या माझ्या आयांनो! बहिणींनो! मी लमीन बूशनब! तुमचा लेक! तुमचा भाऊ! पाणी देणार! पूल देणार! दर गुरुवारी डॉक्टर देणार! शब्द म्हणजे शब्द!"

"बंद कर!"

"करतोय!" शेदलीने बटण खेचलं. बटण हातात आलं. आवाज तसाच राहिला!

टेकाडावरून माणसं उतरू लागली. आधी दोन, मग दहा, मग अख्खं गाव. गावाचं नाव बीर अतशान, म्हणजे तहानलेली विहीर. नाव ठेवणाऱ्याने खोटं काहीच बोललेलं नव्हतं. सगळ्यांच्या पुढे होती हज्जा मब्रूका, ऐंशीच्या घरातली, हातात ऑलिव्हची काठी. ती शेदलीकडे आलीच नाही. सरळ गाडीच्या डाव्या बाजूला गेली आणि काठीने दाण दाण दाण तीन फटके हाणले.

"सहा वर्षं! सहा वर्षांनी तोंड दाखवतोस, मेल्या!"

शेदली धावत त्या बाजूला गेला आणि गार पडला. वाऱ्याने सगळा पिवळा रंग खरवडून काढला होता. खाली एक भला मोठा चेहरा प्रकट झाला होता: पीळदार मिशी, बत्तीसच्या बत्तीस दात, आणि छातीवर ठेवलेला हात. सकाळपासून ते दोघे याच चेहऱ्यामागे बसून दक्षिणेला हात हलवत होते!

"तू त्याचा कोण?" मब्रूकाने विचारलं.

"कोणी नाही, हज्जा! देवाशपथ! मी शिक्षक आहे!"

"तोही शिक्षकच होता. पहिल्या सभेत सांगितलं होतं."

चहाचं दुकान आणि गावातला एकुलता एक ट्रॅक्टर ज्याचा होता, तो अम सालम, म्हणजे गावाचा सालमकाका, पुढे आला. सावकाश बोलणारा, जाडजूड माणूस. "सगळं बाजूला ठेवू. आज वार कोणता?"

"गुरुवार," शेदली म्हणाला.

"दर गुरुवारी डॉक्टर देणार!" टपावरून लमीन बूशनब म्हणाला.

"ऐकलंत? डॉक्टर कुठाय?"

तेवढ्यात कोणीतरी मागचं दार उघडलं. आत पलंग, पांढरी चादर, बेसिन, घडीचं टेबल. आणि बेसिनपाशी पांढरा रुमाल डोक्याला बांधलेली नझीहा, चप्पल शोधत वाकलेली. गर्दीतल्या माना पुढे झुकल्या.

"आणलीय," कोणीतरी कुजबुजलं. "डॉक्टरीण आणलीय!"

मग जी झुंबड उडाली! एका म्हाताऱ्याने जीभ बाहेर काढली ती आत घेईना. एका बाईने कडेवरचं लेकरू नझीहाच्या हातात दिलं. तिसऱ्याने पायातला जोडा काढून अंगठ्याचं नख दाखवलं.

"अहो, मी डॉक्टर नाही! मी टपाल कचेरीतली!"

"टपाल का होईना, बघा तरी!" नखवाला कळवळून म्हणाला.

आता शेदलीला एक सुपीक कल्पना सुचली. गाडी आपली नाहीच हे दाखवलं की सुटलो! त्याने पुढच्या खणातून कागद काढले आणि अम सालमच्या हाती दिले. "वाचा! मोठ्याने वाचा! मालकाचं नाव वाचा म्हणजे सगळं स्पष्ट होईल!"

सालमने चष्मा लावला. "मालक... लमीन... बूशनब."

सगळं स्पष्ट झालं. गर्दी दोन पावलं पुढे सरकली.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. शेदली गाडीच्या पायरीवर चढला. समोर पन्नास-साठ माणसं आपल्याकडे बघतायत, हे दृश्य त्याने निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बघितलं, आणि त्याचं बोट वर गेलं!

"शांत बसा! मागचे, बोलू नका!" त्याचा वर्गातला आवाज लागला आणि खरंच सगळे शांत झाले. "तुम्ही म्हणता पाणी नाही. चूक! पाणी आहे! तुमच्या पायाखाली आहे! खडकांच्या थरांखाली, हजारो वर्षांपासून साठलेलं!"

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. चौतीस वर्षांत भूजलावर कोणी टाळी वाजवली नव्हती! शेदली तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला.

"फक्त ते वर काढायला माणूस हवा! आणि मी स्वतः..."

नझीहाने मागून त्याची विजार ओढली.

"मी स्वतः राजधानीत जाऊन..."

"सी शेदली!" नझीहा दातांतून म्हणाली.

"...राजधानीत जाऊन मंत्र्यांना भेटेन!"

"कधी?" अम सालमने विचारलं.

"लवकरच!"

टाळ्या थांबल्या. हसू थांबलं. जीभ बाहेर काढलेल्या म्हाताऱ्याने जीभ आत घेतली. तो शब्द या गावाने फार ऐकला होता.

"'लवकरच' म्हणाला," हज्जा मब्रूका सगळ्यांकडे वळून म्हणाली. "हा त्याचाच माणूस."

तिने गाडीत हात घालून किल्ली काढून घेतली आणि कमरेच्या पिशवीत टाकून पिशवीचं तोंड दोनदा आवळलं. "पाणी आलं की किल्ली मिळेल. चला आता, जेवून घ्या. पाहुणे आहात."

"आणि जेवल्यावर?" शेदलीने विचारलं.

"जेवल्यावर कैदी."

सालमच्या दुकानासमोर चटई अंथरली गेली. गरम रोट्या, ऑलिव्हचं तेल, लाल मिरचीची हरिसा चटणी, उकडलेली अंडी. शिव्या देणारे तेच हात आग्रहाने वाढत होते. शेदली रोटीचा एकच तुकडा तेलात बुडवत राहिला. नझीहा मात्र शांतपणे जेवत होती आणि खालच्या पात्रात फसलेल्या गाडीकडे बघत होती. तिथून अधूनमधून 'शब्द म्हणजे शब्द!' ऐकू येत होतं. एकतीस वर्षं तिने खिडकीपलीकडच्या माणसांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. तक्रार कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, हे तिला बरोबर कळायचं.

"हज्जा, एक सांगा. डॉक्टर का येत नाही? जवळ कुठे नाहीच का?"

"आहे की! पलीकडच्या गावात सरकारी दवाखाना आहे. पोरगा चांगला आहे. एकदा आला होता बिचारा. झाडाखाली बसवला त्याला. बायांना सगळ्यांसमोर कसं तपासणार? आणि बकरीने त्याचे कागद खाल्ले. म्हणाला, मला चार भिंती द्या, पलंग द्या, हात धुवायला बेसिन द्या, दर गुरुवारी येतो."

"आणि खोली?"

"लमीन देणार होता."

नझीहाने हात धुतले. उठली, गुडघे कटकन वाजले. गाडीचे कागद सालमच्या हातून घेतले, नीट वाचले, घडी घातली.

"गाडी त्याची," ती म्हणाली. "चेहरा त्याचा. आवाज त्याचा. शब्दही त्याचाच. आत पलंग आहे, बेसिन आहे. मग ही गाडी परत जायचीच कशाला?"

चटईवरच्या सगळ्या माना गाडीकडे वळल्या. मग अम सालमचं पोट हळूहळू हलू लागलं. तो हसत होता.

"नझीहा!" शेदली किंचाळला. "ती आपण बघायला आणलीय!"

"हो. बघितली. पसंत नाही. मालकाच्या मतदारांकडे परत केली!"

आणि ती टपाल कचेरीच्या थाटात कामाला लागली. घडीचं टेबल बाहेर मागवलं. कागद मागवला. गर्दी करणाऱ्यांना "रांगेत! एकेक!" असं दरडावलं, आणि गाव मुकाट्याने रांगेत उभं राहिलं! शेदलीसुद्धा सवयीने रांगेत उभा राहिला. तिने पोच लिहिली: 'लमीन बूशनब यांजकडून, दिलेल्या शब्दाप्रमाणे, दर गुरुवारच्या डॉक्टरसाठी, पलंग व बेसिनसह एक गाडी मिळाली. गाव आभारी आहे.' खाली सह्या, अंगठे, आणि सगळ्यात वर मब्रूकाचा अंगठा. तीन प्रती! एक गावाला, एक रिधाला, आणि एक लमीन बूशनबला, रजिस्टर टपालाने. "रजिस्टर पत्र मिळालं नाही असं आजपर्यंत कोणाला म्हणता आलेलं नाही," ती मब्रूकाला म्हणाली.

सालमने ट्रॅक्टरने गाडी ओढून गावाच्या मधोमध आणली. बॅटरी संपत आली होती. "पूल देणार... दर गुरुवारी... शब्द म्हणजे श..." एवढं म्हणून लमीन बूशनब गप्प झाला. गावाने पहिल्यांदाच त्याला मनापासून टाळ्या वाजवल्या.

दुपार कलायच्या आत सालम त्या दोघांना ट्रॅक्टरवरून मोठ्या रस्त्याकडे घेऊन निघाला. नझीहा एका मडगार्डवर, शेदली दुसऱ्यावर, मांडीवर घरून आणलेल्या उशा आणि शेगडी. चढावर आल्यावर वारा पडलेला होता. समोर तांबूस, उघडंबोडकं पठार पसरलं होतं, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला, वाळूची एक पिवळी झळाळती रेघ.

"सालमभाऊ, जरा थांबा," नझीहा म्हणाली. "शेदली, ते काय रे?"

शेदलीने बघितलं. सांगण्यासारखं त्याच्याकडे चौतीस वर्षांचं होतं. पण बोट वर गेलं नाही.

"ते..." तो म्हणाला, "तेच ते."

दोघं बराच वेळ बघत राहिली. सालमने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. मग रस्त्यावर आठ जणांची टॅक्सी मिळाली. नझीहाला खिडकी मिळाली. शेदलीला दोन जाड माणसांमधली जागा, आणि त्या दोघांनाही वाटेत सारखं काहीतरी खायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रिधाच्या आवारात नझीहाने पोच पुढे केली. रिधाने वाचली. परत वाचली. मान हलवायची सवय, पण मान हलेना!

"मेहुणे मला उभा चिरतील! लल्ला नझीहा, ही चोरी आहे!"

"मग जा ना पोलिसांत. तिथे लिहून दे, मेहुण्यांनी शब्द दिलाच नव्हता म्हणून. अख्ख्या दक्षिणेने ऐकलाय तो. आम्हीही ऐकला. फार ताकद आहे त्यात!"

रिधाने फोन लावला. पलीकडे बराच वेळ आरडाओरडा चालला. फोन कानापासून वीतभर लांब धरूनही सगळं ऐकू येत होतं. पण निवडणूक वर्षावर आली होती. शेवटी तो जाड आवाज खाली आला आणि त्याने विचारलं, "तिथे फोटोवाला मिळेल का?"

जुनी छोटी गाडी त्यांना पाचच मिनिटांत परत मिळाली, पुसून!

पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. लमीन बूशनब फीत कापतोय, मागे गाडीवर त्याचाच चेहरा, नव्याने रंगवून पहिल्यापेक्षा मोठा केलेला. शेजारी हज्जा मब्रूका काठी उगारून उभी. खाली छापलं होतं: 'लाडक्या लोकप्रतिनिधीला अभिवादन करताना वृद्ध महिला.' डॉक्टर मात्र खरंच येऊ लागला. चारातले तीन गुरुवार येतो, असं अम सालमने फोनवर सांगितलं. पाण्याचं विचारलं तर नुसता हसला.

ऑपरेशनला अजून सहा आठवडे होते. महदियाच्या एका सुईणीची जुनी जीप विकायची आहे, असं नझीहाला कळलं. पर्स घेऊन ती दाराशी उभी राहिली, तेव्हा शेदली जाकिटाच्या चौदा खिशांत काहीतरी शोधत मागे मागे आला.

"मी येऊ?"

"ये. पण मी बघेपर्यंत बाहेर उतरायचं नाही. गाडीतच बसायचं."

"आणि त्या बाईने काही विचारलं तर?"

नझीहाने पर्स खांद्याला अडकवली.

"तर खोक, सी शेदली. नुसतं खोक!"